व्हिटनी शिखराची वाट कोणी केली?

गेल्या हिवाळ्यात आम्ही शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांना घेऊन कळसूबाईला गेलो होतो. पहाटे बारी गावातून चढायला सुरुवात केली. वाटेत लोखंडी शिड्या लागतात, तिथे गर्दी होती म्हणून थांबलो. वर्गातला एक मुलगा, अभ्यासात जेमतेम पण प्रश्न विचारण्यात पहिला, शिडीच्या दांड्यावर हात ठेवून म्हणाला, "सर, एवढं लोखंड इथवर आणलं कोणी? खांद्यावरूनच आणलं असेल ना?"

मी म्हणालो, "हो, इथल्याच माणसांनी आणलं असेल."

"मग त्यांची नावं कुठं लिहिलीत?"

मला उत्तर देता आलं नाही.

या सहलीच्या आधीचाही एक प्रसंग सांगायला हवा. संमतिपत्रावर सही घ्यायला गेलो तेव्हा एका मुलीच्या आईने सही केली नाही. बाई रागावल्या नव्हत्या. अगदी साधेपणाने म्हणाल्या, "सर, ये पहाड चढना अपने लोगों का काम नहीं." मी कारण विचारलं. भीती नव्हती, पैशांचीही फार अडचण नव्हती. त्यांच्या ओळखीतलं कोणी कधी गेलं नव्हतं, एवढंच. त्या मुलीची सही शेवटी मिळाली, पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. 'आपल्या लोकांचं काम नाही' हे कोण ठरवतं? कधी ठरतं?

कळसूबाईच्या शिड्यांचा इतिहास मला मुलांना सांगता आला नाही. पण दुसऱ्या एका डोंगराचा सांगता येईल. तो डोंगर इथून हजारो मैलांवर, अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात आहे. त्याच्या वाटेची गोष्ट मी सहलीनंतर वर्गात सांगितली. तीच आज तुमच्यासमोर ठेवतो.

शिखराला मिळालेलं नाव

माउंट व्हिटनी हे सिएरा नेवाडा पर्वतरांगेतलं सर्वांत उंच शिखर. उंची १४,५०५ फूट, म्हणजे सुमारे ४,४२१ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, यावरून अंदाज करा. अलास्का सोडलं तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर याहून उंच डोंगर नाही. दर वर्षी हजारो लोक तो चढतात. पूर्वेच्या बाजूने जायचं तर जाऊन-येऊन सुमारे ३५ किलोमीटर चालावं लागतं. गर्दी इतकी की परवान्यासाठी सोडत निघते आणि हंगामात एका दिवसात परतणाऱ्या फक्त १०० जणांना सोडतात.

शिखराला व्हिटनी हे नाव १८६४ मध्ये मिळालं. जोसाया व्हिटनी हे तेव्हा कॅलिफोर्निया राज्याचे भूगर्भतज्ज्ञ होते. त्यांच्या हाताखालच्या सर्वेक्षकांनी दुरून हे शिखर पाहिलं आणि साहेबांचं नाव देऊन टाकलं. त्यांच्यातलेच एक क्लॅरेन्स किंग १८७१ मध्ये हे शिखर सर करायला गेले आणि धुक्यात भलत्याच शिखरावर चढले. आपण व्हिटनीवर आहोत, अशी त्यांची खात्री होती. चूक लक्षात यायला दोन वर्षं गेली. दरम्यान १८ ऑगस्ट १८७३ रोजी पायथ्याच्या बाजूच्या लोन पाइन गावाकडचे तीन मासेमार वर जाऊन आले. ते मोठे विद्वान नव्हते, पण डोंगर त्यांना रोज दिसत होता. अर्थात, त्यांच्याही आधी त्या मुलखात पाइयूट लोक राहत होते आणि त्यांच्या भाषेत या शिखराला स्वतःचं नाव होतं. ते नाव नकाशावर आलं नाही.

म्हणजे या डोंगराच्या कथेत नाव एकाचं, पाय दुसऱ्याचे, ही गोष्ट सुरुवातीपासूनच आहे. पण आपला विषय शिखर नाही, वाट आहे. शिखरावर पहिला कोण गेला हे पुस्तकांत सापडतं. सामान्य माणसाला वर जाता यावं म्हणून वाट कोणी खोदली, हे सहसा सापडत नाही.

गुलामाचा मुलगा उद्यानाचा प्रमुख होतो

राष्ट्रीय उद्यान ही कल्पना अमेरिकेत १८७२ मध्ये यलोस्टोनपासून सुरू झाली. १८९० मध्ये कॅलिफोर्नियात सेकोया आणि योसेमिटी ही उद्यानं झाली. कायदा झाला, हद्दी ठरल्या, पण सांभाळायला माणसं नव्हती. आजच्यासारखा वनरक्षकांचा विभाग तेव्हा अस्तित्वातच नव्हता. म्हणून उन्हाळ्यात लष्कराच्या तुकड्या पाठवायच्या, असं ठरलं. सैनिकांनी शिकाऱ्यांना पकडायचं, चोरून झाडं तोडणाऱ्यांना हाकलायचं, वणवे विझवायचे आणि वाटा बांधायच्या. मेंढपाळांना हटवायची त्यांची एक युक्ती होती. मेंढपाळाला उद्यानाच्या एका टोकाला नेऊन सोडायचं आणि त्याच्या मेंढ्या दुसऱ्या टोकाला. माणूस आणि कळप यांची गाठ पडेपर्यंत हंगाम संपायचा.

१९०३ च्या उन्हाळ्यात सेकोया उद्यानाची जबाबदारी नवव्या घोडदळाच्या तुकड्यांवर आली. हे घोडदळ कृष्णवर्णीय सैनिकांचं होतं. यादवी युद्धानंतर, १८६६ मध्ये, अमेरिकेने काळ्या सैनिकांच्या वेगळ्या पलटणी उभ्या केल्या. त्यांना पुढे 'बफेलो सोल्जर्स' असं नाव पडलं. पलटणी वेगळ्या, जेवण वेगळं, राहणं वेगळं, आणि अधिकारी बहुतेक सगळे गोरे.

बहुतेक म्हणायचं कारण कॅप्टन चार्ल्स यंग. त्यांचा जन्म १२ मार्च १८६४ रोजी केंटकी राज्यात, गुलामगिरीत झाला. वडील गेब्रियल यंग गुलामीतून पळाले आणि सैन्यात भरती झाले. स्वातंत्र्य मिळाल्यावर हे कुटुंब नदीपलीकडे ओहायोत राहायला गेलं. मुलगा शिकला आणि वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत दाखल झाला. तिथे काळ्या विद्यार्थ्याशी कोणी धड बोलत नसे. पहिलं वर्ष त्यांना पुन्हा करावं लागलं. शेवटच्या वर्षी अभियांत्रिकीच्या परीक्षेत ते नापास झाले. तेव्हा जॉर्ज गोथल्स नावाच्या एका गोऱ्या शिक्षकाने त्यांची वेगळी शिकवणी घेतली आणि ते १८८९ मध्ये उत्तीर्ण झाले. वेस्ट पॉइंटमधून बाहेर पडलेले ते तिसरे कृष्णवर्णीय पदवीधर. चौथा व्हायला १९३६ साल उजाडलं. गोथल्स पुढे पनामा कालव्याचे बांधकामप्रमुख म्हणून जगाला माहीत झाले. एक शिक्षक म्हणून मला मात्र ती शिकवणी कालव्याइतकीच मोठी वाटते. ज्या विषयात हा विद्यार्थी नापास झाला होता, त्याच विषयात त्याने चौदा वर्षांनी काय करून दाखवलं, ते पुढे पाहा.

१९०३ च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट सॅन फ्रान्सिस्कोला आले, तेव्हा त्यांच्या सोबतीला याच नवव्या घोडदळाचे स्वार होते. त्याच महिन्यात रूझवेल्ट योसेमिटीत जाऊन निसर्गलेखक जॉन म्युइर यांच्यासोबत तीन रात्री उघड्यावर राहिले. या मुक्कामावर आजवर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. आणि त्याच सुमारास यंग आपले स्वार घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले, ३२३ मैलांची घोडदौड सोळा दिवसांत करून सेकोयाला पोचले आणि उद्यानाचे प्रभारी अधीक्षक म्हणून रुजू झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानाचा प्रमुख झालेला हा पहिला काळा माणूस. याच्यावर पानंच्या पानं लिहिली जायला मात्र शंभर वर्षं लागली.

कुदळ, पहार आणि एक उन्हाळा

सेकोया उद्यानात जगातली सर्वांत मोठी झाडं आहेत. ज्या भागाला 'जायंट फॉरेस्ट' म्हणतात, तिथवर गाडीरस्ता नव्हता. १८८६ नंतर कविया कॉलनी नावाच्या समाजवादी वसाहतीतल्या लोकांनी लाकूड खाली आणण्यासाठी चार वर्षं राबून डोंगरात रस्ता खोदला होता. आज 'जनरल शर्मन' म्हणून प्रसिद्ध असलेल्या महाकाय झाडाला त्यांनी कार्ल मार्क्स यांचं नाव दिलं होतं. पण १८९० मध्ये उद्यान झालं आणि त्यांचा दावा, त्यांचा रस्ता आणि त्यांचं झाड, तिन्ही त्यांच्या हातून गेलं. रस्ता जंगलाच्या अलीकडेच थांबलेला होता. नंतर लष्कराने काम सुरू केलं, तेही रेंगाळत होतं.

यंग यांनी सैनिक आणि रोजंदारीवरचे मजूर एकत्र कामाला लावले. त्या एका उन्हाळ्यात जेवढा रस्ता झाला तेवढा आधीच्या तीन उन्हाळ्यांत मिळून झाला नव्हता. ऑगस्टमध्ये गाड्या थेट जायंट फॉरेस्टमध्ये पोचल्या, आणि रस्ता पुढे मोरो रॉकच्या पायथ्यापर्यंत नेला गेला. उद्यान झाल्याला तेरा वर्षं झाली होती, पण 'जनतेसाठी' म्हणून राखलेल्या या जंगलात सामान्य जनतेला गाडीत बसून जाता येऊ लागलं ते आता.

यंग तेवढ्यावर थांबले नाहीत. उद्यानाच्या हद्दीत खासगी मालकीच्या जमिनी होत्या. त्या सरकारने विकत घ्याव्यात, नाहीतर ही झाडं उद्या आरागिरणीत जातील, असं त्यांनी वरिष्ठांना कळवलं आणि मालकांशी बोलणीही केली.

व्हिटनीच्या माथ्यापर्यंतची पहिली नीट वाट बांधली गेली तीही याच काळात, आणि ती बांधली नवव्या घोडदळाच्या याच सैनिकांनी. अमेरिकेचा राष्ट्रीय उद्यान विभाग आज ही नोंद अभिमानाने करतो. शिखर तेव्हा उद्यानाच्या हद्दीबाहेर होतं, ते १९२६ मध्ये आत आलं. पण वाटेचं काम कसं असेल याची कल्पना करा. चार हजार मीटरच्या आसपास हवा विरळ, चार पावलं टाकली की दम लागतो. बर्फ उन्हाळ्यातही रेंगाळतं, त्यामुळे कामाचे दिवस थोडे. डोंगर सगळा कठीण ग्रॅनाइटचा. सरळ चढ माणसाला आणि खेचराला झेपत नाही, म्हणून वाट नागमोडी न्यायची. प्रत्येक वळणाला खालून दगड रचून बांध घालायचा, म्हणजे पावसात आणि बर्फाच्या पाण्यात ती वाहून जाणार नाही. पहारीने दगड उचकटायचा, हाताने बसवायचा. ज्याने गावाकडे बांधबंदिस्ती केली आहे, त्याला हे काम वेगळं सांगायला नको.

शेजारच्या योसेमिटीतही, १९०४ मध्ये, नवव्या घोडदळाच्या सैनिकांनी वावोना इथे झाडांची माहिती देणारी एक फिरवाट तयार केली. राष्ट्रीय उद्यानांतली ती पहिली निसर्गवाट मानली जाते. आपण आज जंगलात झाडाखाली नावाची पाटी वाचतो, त्या पाटीची पूर्वज तिथली.

रस्ता झाला तेव्हा परिसरातल्या लोकांनी एका मोठ्या झाडाला यंग यांचं नाव द्यायचं ठरवलं. यंग नको म्हणाले. वीस वर्षांनी तुम्हाला असंच वाटलं तर तेव्हा द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. मग त्या झाडाला त्यांच्याच आग्रहाने बुकर टी. वॉशिंग्टन या कृष्णवर्णीय शिक्षकाचं नाव देण्यात आलं. वीस वर्षांनी कोणाला आठवण झाली नाही. यंग यांच्या नावाचं झाड झालं ते २००४ मध्ये.

इतिहासाची अडचणीची बाजू

इथे थांबलो तर गोष्ट गोड होते, पण अर्धी राहते. मुलांना मी ती अर्धी सांगितली नाही.

ही उद्यानं रिकामी जमीन नव्हती. योसेमिटीच्या खोऱ्यात आवानीची लोक राहत होते. १८५१ मध्ये सशस्त्र पथकाने त्यांना तिथून हाकललं. थोडे परत आले, पण पुढच्या शतकात त्यांची शेवटची वस्तीही उठवली गेली. आणि नववं घोडदळ जंगल सांभाळायला येण्याआधी काय करत होतं? पश्चिमेत मूळ रहिवाशांशी लढत होतं. नंतर फिलिपाइन्समध्ये, स्वातंत्र्य मागणाऱ्या फिलिपिनो लोकांशी लढत होतं. ज्यांना स्वतःच्या देशात पुरता हक्क नव्हता, त्यांच्याच हातात बंदूक देऊन दुसऱ्यांचे हक्क हिरावले गेले. यंग स्वतः त्या फौजेत होते. माणूस एकाच वेळी जुलूम सोसणारा आणि जुलमाचं हत्यार असू शकतो. आपण आपला इतिहास लिहिताना ही गोष्ट विसरतो. आपले पूर्वज फक्त सोसणारे होते किंवा फक्त पराक्रमी होते, असं लिहिणं सोपं असतं.

स्वयंपाक्याची खेचरं

१९१५ च्या उन्हाळ्यात जायंट फॉरेस्टमधून एक ऐटबाज तांडा निघाला. स्टीफन मॅथर हे श्रीमंत उद्योजक त्याचे यजमान. पाहुण्यांत खासदार होते, शास्त्रज्ञ होते आणि 'नॅशनल जिओग्राफिक' मासिकाचे संपादक गिल्बर्ट ग्रॉव्हनरही होते. या मंडळींना डोंगर दाखवायचे, म्हणजे ती राष्ट्रीय उद्यानांसाठी वेगळा विभाग काढायला मदत करतील, असा मॅथर यांचा बेत होता. सुमारे दोन आठवडे ते डोंगरांत फिरले आणि त्यांच्यातले बरेच जण व्हिटनीचा माथा गाठून आले. बेत फळाला आला. २५ ऑगस्ट १९१६ रोजी राष्ट्रीय उद्यान विभाग स्थापन झाला आणि मॅथर त्याचे पहिले संचालक झाले.

या मंडळींची बडदास्त ठेवणारा माणूस होता टाय सिंग. तो चिनी स्वयंपाकी भूगर्भ सर्वेक्षण विभागात वर्षानुवर्षं काम करत होता. डोंगरात तो टेबलावर पांढरी चादर अंथरून गरम जेवण वाढायचा. पावाचं पीठ फुगायला ऊब लागते, म्हणून सकाळी निघताना मळलेलं पीठ खेचराच्या अंगाला लागून बांधायचा. दिवसभरात खेचराच्या ऊबेने पीठ फुगायचं आणि मुक्कामाला पोचलं की भट्टीत जायचं. वाटेत सामानाचं एक खेचर कड्यावरून घसरलं, तरी जेवणात खंड पडला नाही. योसेमिटीत त्याच्या नावाचं एक शिखर आहे, सिंग पीक. हे नाव १८९९ मध्येच दिलेलं.

पण टाय सिंग हा नावानिशी उरलेला एक. त्याच योसेमिटीत १८८२-८३ मध्ये उंच डोंगरातून ५६ मैलांचा गाडीरस्ता शेकडो मजुरांनी जेमतेम साडेचार महिन्यांत बांधला. त्या मजुरांत बहुसंख्य चिनी होते. आज तो टायोगा रोड म्हणून ओळखला जातो. ज्या १८८२ मध्ये हे काम सुरू झालं, त्याच वर्षी अमेरिकेने चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा कायदा केला. रस्ता हवा होता, रस्ता करणारे नको होते.

'मजूर' आणि 'रस्ता' हे दोन्ही शब्द मराठीत फारसीतून आले. वर्गात हे सांगितलं की मुलांना गंमत वाटते. शब्दांनासुद्धा चालत यावं लागतं, आणि एकदा ते घरात रुळले की परके राहत नाहीत.

पाटी आणि पाटी काढल्यानंतर

आता त्या आईच्या वाक्याकडे येतो.

वाटा बांधणाऱ्यांच्या मुलानातवंडांना त्या वाटांवर चालता येत होतं का? व्हर्जिनिया राज्यात १९३५ मध्ये शेनंडोआ राष्ट्रीय उद्यान झालं. त्यासाठी डोंगरात राहणारी शेकडो गरीब कुटुंबं आधी उठवली गेली होती. उद्यान राष्ट्राचं, पण तिथे राज्याच्या रिवाजाप्रमाणे काळ्या-गोऱ्यांची विभागणी पाळली गेली. १९३९ मध्ये लुइस माउंटन नावाचा एक भाग कृष्णवर्णीयांसाठी उघडला आणि तिथे तशी पाटी लावली. जेवायची जागा, तंबूची जागा, राहायची खोली, सगळं तिथेच. केंद्र सरकारच्या ज्या खात्याकडे उद्यानं होती, त्यात विल्यम ट्रेंट नावाचे कृष्णवर्णीय सल्लागार होते. त्यांनी या विभागणीविरुद्ध चिकाटीने पाठपुरावा केला. तरी विभागणी पूर्ण मोडायला १९५० साल उजाडलं.

राज्य उद्यानांची गोष्ट याहून कडू आहे. व्हर्जिनियाने १५ जून १९३६ रोजी एकाच दिवशी सहा राज्य उद्यानं उघडली, सगळी गोऱ्यांसाठी. १९४८ मध्ये मेसिओ मार्टिन या कृष्णवर्णीय नागरिकाला त्यांतल्या एका उद्यानात प्रवेश नाकारला गेला. ते कोर्टात गेले. तेव्हा राज्याने काय केलं? प्रवेश दिला नाही, १९५० मध्ये काळ्यांसाठी वेगळं उद्यान काढून दिलं. साउथ कॅरोलायना राज्याने तर १९६३ मध्ये, कोर्टाने भेदभाव चालणार नाही असं सांगितल्यावर, आपली सगळीच राज्य उद्यानं बंद करून टाकली. काळा माणूस तळ्यात उतरणार असेल तर गोऱ्यानेही उतरू नये! ती उद्यानं पूर्णपणे सुरू व्हायला १९६६ साल लागलं.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याने या पाट्या उतरल्या. पण पाटी उतरवायला एक दिवस पुरतो, पाटी पाहून वळलेले पाय पुन्हा वळायला पिढ्या जातात. ज्या आजोबांना फाटकावर अडवलं, त्यांनी मुलाला जंगलात नेलं नाही. त्या मुलाला तंबू ठोकायचा कसा हे माहीत नव्हतं, म्हणून त्याने आपल्या मुलाला नेलं नाही. तिसऱ्या पिढीला अडवणारं कोणीच नव्हतं, पण घरात 'हे आपल्या लोकांचं काम नाही' हे वाक्य तयार होतं. ते वाक्य आता स्वभाव वाटतं. खरं तर तो इतिहास आहे.

आपल्याकडे कळसूबाईच्या पायथ्याशी अशी पाटी कधी लागली नाही, हे मी स्पष्ट सांगतो. दोन देशांच्या गोष्टी एका मापाने मोजू नयेत. पण सुट्टी कोणाला मिळते, बूट कोणाकडे असतात, ग्रुपमध्ये नाव सांगितल्यावर कोण गप्प होतं, आणि घरातलं कोण आधी जाऊन आलंय, या गोष्टींनीही पाटी लागते. ती दिसत नाही, एवढंच.

एक जुना फोटो

शेल्टन जॉन्सन हे योसेमिटीतले कृष्णवर्णीय रेंजर. डेट्रॉइटसारख्या कारखान्यांच्या शहरात वाढलेले. एकदा उद्यानाच्या ग्रंथालयात त्यांच्या हाती १८९९ चा एक फोटो आला. त्यात घोड्यावर बसलेले चोविसाव्या पलटणीचे काळे सैनिक होते. आपल्याआधी शंभर वर्षं आपल्यासारखी माणसं हेच जंगल राखत होती, हे तेव्हा त्यांना कळलं. मग ते जुन्या नोंदी धुंडाळत राहिले आणि त्या काळच्या सैनिकाचा गणवेश घालून लोकांना ही कहाणी सांगू लागले. त्यावर त्यांनी 'ग्लोरीलँड' ही कादंबरीही लिहिली. २००९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांवरच्या माहितीपटात ते दिसले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या पत्रावरून ओप्रा विन्फ्री योसेमिटीत मुक्कामाला आल्या. एका फोटोने एवढं केलं. 'या, जंगल सुंदर आहे' असं आवाहन पूर्वीही होत होतं. जॉन्सन यांनी त्याऐवजी 'या, ही वाट तुमच्याच लोकांनी बांधली आहे' असं सांगितलं. दोन्हींत फरक आहे.

पुन्हा सोळा दिवस

चार्ल्स यंग यांचं पुढे काय झालं, हे वर्गात मुलांनी विचारलंच.

१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा यंग हे सैन्यातले सर्वांत वरच्या हुद्द्याचे कृष्णवर्णीय अधिकारी होते. ते जनरल होतील अशी चिन्हं होती. गोऱ्या अधिकाऱ्यांना काळ्या वरिष्ठाच्या हाताखाली राहायचं नव्हतं, आणि तशी तक्रार राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोचली होती. मग वैद्यकीय तपासणीत रक्तदाबाचं कारण निघालं आणि यंग यांना सक्तीने निवृत्त केलं गेलं. जून १९१८ मध्ये, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, त्यांनी ओहायोतल्या आपल्या घरापासून घोडा काढला आणि ४९७ मैलांवरची राजधानी गाठली. दर तासातली पंधरा मिनिटं ते पायी चालले. किती दिवस लागले? सोळा. सेकोयाला जातानाही सोळाच लागले होते. आपण तंदुरुस्त आहोत याचा याहून मोठा पुरावा कोणता असेल? सैन्याने त्यांना परत घेतलं, पण युद्ध संपायला पाच दिवस उरले असताना. ८ जानेवारी १९२२ रोजी नायजेरियातल्या लागोस इथे, कामावर असतानाच त्यांचं निधन झालं. ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा त्यांना २०२२ मध्ये मिळाला. मरणानंतर शंभर वर्षांनी.

हे ऐकून वर्ग थोडा वेळ गप्प होता. मग तोच शिडीवाला मुलगा म्हणाला, "सर, एवढ्या उशिरा देऊन काय उपयोग? त्यांना कुठं कळलं?"

खरं आहे. यंग यांना त्याचा उपयोग नाही. तो आपल्याला आहे. वाटेवर नाव असलं की मागून येणाऱ्या मुलाला आपण पाहुणे आहोत असं वाटत नाही.

या वर्षीच्या सहलीआधी मुलांना एक गृहपाठ दिला आहे. बारी गावात उतरलं की तिथल्या वयस्कर माणसांना भेटायचं, शिड्या कोणी वाहिल्या, पायऱ्या कोणी घातल्या हे विचारायचं आणि नावं वहीत लिहून घ्यायची. मराठीत आणि उर्दूत, दोन्ही लिपींत. ज्या मुलीची आई सही करत नव्हती, ती यंदा आईलाच सोबत घेऊन येणार आहे. शिखरापर्यंत येणार का, हे अजून ठरलेलं नाही. पहिल्या शिडीपर्यंत तरी येते, असं म्हणाल्या आहेत.